सुकाणूखालचं टिंब

४ फेब्रुवारी

चि. भिंगोजीरावांस,

तुमच्या कंपनीविरुद्ध मला एक गंभीर तक्रार दाखल करायची आहे. ती तू योग्य त्या सिंहासनापर्यंत पोचवावीस. तक्रारीचा विषय: लेबलावरची अक्षरं. जगातल्या यच्चयावत नाण्यांना एक ते सत्तर असे गुण वाटणारी, त्यांना पारदर्शक डबीत घालून जन्मठेप सुनावणारी एवढी मोठी तुमची संस्था, आणि लेबल छापताना तिला मुंगीच्या पायाएवढीच अक्षरं परवडतात? शाई महागली आहे का? काल अशी एक डबी हातात घेतली, भिंग लावलं, दिवा जवळ ओढला, तरी त्रेसष्ट की अडुसष्ट ते ठरेना. दोन्हींच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक, आणि दोन्ही आकडे माझ्याकडे बघून हसत होते. शेवटी तुझ्या वहिनीने जाता जाता, ओल्या हातांनी, चष्म्याशिवाय वाचलं. त्रेसष्ट.

"अहो, चष्म्याचा नंबर बदलून घ्या," म्हणाली.

मी म्हटलं, आधी त्यांनी टाईप बदलावा.

तू गेलास त्याला तीन वर्षं होत आली. तू निघालास तेव्हा मी जागचा उठलो नाही, गल्ल्यामागे बसून नाणी लावत राहिलो, हे तुझ्या लक्षात असणारच. तू लक्षात ठेवण्याच्याच पगारावर आहेस. मी काय लावत होतो ते मात्र मला आठवत नाही. असो. उत्तर येत नसलं तरी पत्र लिहिता येतं, हा शोध मला उशिरा लागला. त्याचा हा पहिला प्रयोग समज.

दुकानाची हालहवाल अशी. वडील नाण्याला तीनच गुण द्यायचे: 'छान', 'बरं' आणि 'ठेवा तुमच्याकडेच'. तेवढ्यावर त्यांचा जन्म गेला आणि आपलं शिक्षण झालं. पाठशाळेत मी घोकलं होतं की ज्ञानाला प्रमाण लागतं: प्रत्यक्ष म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, अनुमान म्हणजे धूर पाहून आग ओळखणं, आणि शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. आपलं दुकान पहिल्यावर चालायचं. आताचं गिऱ्हाईक तिसरं खिशात घेऊनच आत येतं. तो दंतवैद्य आठवतो ना, दुपारच्या सुट्टीत ॲप्रनसकट येणारा? परवा आला. नाण्याकडे बघितलंच नाही.

"शास्त्रीबुवा, हे चौसष्ट आहे."

"आधी बघा तर."

"बघायचं काय? लिहिलंय की. मला पासष्ट हवंय."

"पासष्टात काय जास्त असतं?"

"चौपट किंमत."

"नाण्यात काय जास्त असतं, विचारतोय मी."

"ते तुमच्या भावाला विचारा!"

म्हणून विचारतो. चांदी तेवढीच, राजा तोच, त्याचं टक्कल तेच. वर एक गुण चढला की किंमत जिन्याच्या चार पायऱ्या एकदम चढते. आणि डबीत न बसलेल्या नाण्याला लोक असं बघतात, जणू ते कुठून तरी पळून आलंय. तरी मागच्या महिन्यात म्हणे कुणाच्या तरी तिजोरीतून, दंतवैद्याकडे आधीपासून असलेल्या एका पासष्टाच्याच वर्षाची, पन्नासेक नाणी निघाली, तुम्ही त्या सगळ्यांना पासष्ट दिलेत, आणि दंतवैद्याच्या पासष्टाचा भाव रात्रीत अर्ध्यावर आला. त्याच्या नाण्याला ओरखडासुद्धा उठला नव्हता. बिचारा दोन दिवस कुणाचे तरी चांगले दात उपटत असणार.

आता खरी बातमी. गलबत परत आलं.

तेच. एका बाजूला टकला राजा, दुसऱ्या बाजूला शिडाचं गलबत, आणि गलबताच्या सुकाणूखाली ते टिंब, टाकसाळीच्या ठशातच खपली उडून उमटलेलं. वडील त्याला नाण्याचा तीळ म्हणायचे. त्या टिंबावर आपण दोघं बघायला शिकलो. तू म्हणायचास ते समुद्रात बुडणारं माणूस आहे, मी म्हणायचो बोया आहे. वडिलांनी ते कप्तानाला विकलं तेव्हा तू जेवला नव्हतास. कप्तान गेल्या वर्षी वारले. त्यांच्या बाई, आपल्या वडीलधाऱ्या कप्तानीणबाई, हातरुमालात बांधून ते घेऊन आल्या. विकायचंय. मुलाच्या घरी त्यांची खाट बोळात आहे; न्हाणीघराकडे जाणारं अख्खं घर त्यांच्या उशाशी चपला घासत जातं. बंदराकडे तोंड असलेल्या दोन खोल्या त्यांनी पाहून ठेवल्या आहेत. "मरायच्या आधी एकदा दार लावून झोपायचंय हो, शास्त्रीबुवा," म्हणाल्या.

दंतवैद्य तेव्हा तिथेच होता. त्याने तिथल्या तिथे, डबीशिवाय, भाव सांगितला. त्यात त्या खोल्या जेमतेम बसत होत्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल ते."

मी नाणं दिव्याखाली धरलं, वडील शिकवायचे तसं हळूहळू कलतं केलं, आणि म्हटलं, "याला हात लागलेला नाही. पासष्ट कुठे जात नाही. ग्रेडिंगला पाठवू, दुप्पट येतील."

"पासष्ट आलं तर पासष्टच्या भावाने मीच घेतो," दंतवैद्य म्हणाला. "नाही आलं, तर मी आज या दुकानात आलोच नव्हतो."

पाठवलं. तुमच्याकडे नाणी मालकाच्या नावाविना, नुसत्या आकड्याने ट्रेमधून येतात हे मला ठाऊक आहे. म्हणून मी काही विचारत नाही. बातमी म्हणून कळवलं.

लहान अक्षरांचं मात्र बघ.

तुझा थोरला


२३ फेब्रुवारी

चि. भिंगोजीरावांस,

या खेपेला तक्रार सुताराविरुद्ध आहे. काचेच्या कपाटाला नवी फळी ठोकून घेतली, तर पठ्ठ्याने ती मधोमध पोट काढलेली बसवली. मी बोलावून घेतला.

"ही काय फळी आहे?"

"फळीच आहे, मालक."

"मध्ये फुगलीय."

त्याने पाणसळ काढली, फळीवर ठेवली. बुडबुडा मधोमध जाऊन बसला. तो माझ्याकडे बघतो, मी बुडबुड्याकडे, तुझी वहिनी माझ्याकडे. "फळी सरळ आहे, मालक. दाराची चौकट पण सरळ आहे, आधीच सांगतो. नंतर पुन्हा हेलपाटा नको." जाताना वहिनीला म्हणाला, "ताई, मालकांना जरा झोप काढू द्या."

चौकटही मला जरा वाकल्यासारखी वाटत होती, ते त्याला कसं कळलं कोण जाणे. दुकानातला दिवा मात्र बदलला. आता इतका लख्ख आहे की गिऱ्हाईक डोळ्यांवर हात धरून भाव विचारतं.

आता हे ऐक. कप्तानीणबाई काल येऊन गेल्या. खोल्यांच्या मालकाला त्यांनी होकार कळवला, मुलालाही सांगून टाकलं. चेहरा कसा फुलला होता, असं वहिनी म्हणत होती. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष तराजूच्या पितळी वजनावर गेलं. काळपटलेलं आहे, तुला माहीतच आहे. त्यांनी ते उचललं आणि रुमालाने घासायला घेतलं.

"हे असं मळकं काही कप्तानांना खपायचं नाही हो. दर रविवारी बाहेर काढायचे सगळं. होकायंत्र, दुर्बीण, कोटाची बटणं. ओळीने मांडायचे, खडूची पूड लावायचे आणि फडक्याने घासत बसायचे. जहाजावरची सवय."

मी आवाज अगदी गार ठेवून विचारलं, "आणि गलबत?"

"गलबत तर सगळ्यात आधी!"

वहिनी चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली. बाई वजन घासत राहिल्या. ते लखलखायला लागलं.

तुला शिकवायची गरज नाही, पण स्वतःशी बोलायला तूच बरा आहेस, म्हणून लिहितो. नव्या नाण्याची झळाळी वरून लावलेली नसते. धातू ठशाखाली दाबला जाताना पसरतो, त्याच्या बारीक बारीक रेषा उमटतात, आणि नाणं कलतं केलं की उजेड त्यांवरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. एकदा फडकं फिरलं की तो फिरणारा उजेड थांबतो. नाणं चकचकीत दिसतं, पण जिवंत राहत नाही. आणि मग तुमची मंडळी त्याला आकडा देत नाहीत. लेबलावर येतं: 'साफ केलेलं'. आकडा नसलेलं नाणं म्हणजे नापास नव्हे, परीक्षेलाच बसू न दिलेलं. भाव पाचव्या हिश्शावर येतो. चांदी तीच, राजा तोच.

पण मी बघितलं होतं ना! दिवा होता, भिंग होतं, मी होतो. ओरखडे असते तर दिसले असते. कप्तान मऊ फडकं वापरत असतील. किंवा बाईंची आठवण चुकत असेल. म्हातारपणी बटणं आणि नाणी यांची सरमिसळ होऊ शकते. हे अनुमान मी तीनदा तपासलं. धूर आहे हे मान्य, पण आग असेलच असं नाही.

दंतवैद्य रोज खिडकीतून हात हलवून विचारतो, आलं का? मी रोज हात हलवतो. माझा हात नाही म्हणतो की टाटा करतो, हे त्याचं त्याने ठरवावं.

तुझा
दादा


११ मार्च

भिंगोजी,

आज तक्रार नाही. हे पत्र टपालात टाकू नये असं तुझ्या वहिनीचं मत आहे. मी टाकणार आहे. ती टपालपेटीपर्यंत माझ्याबरोबर येईल, मतासकट. हल्ली ती रस्ता ओलांडताना माझं कोपर धरते. लोकांना वाटतं, या वयातही काय प्रेम आहे.

तुमच्या कंपनीकडून कळलं की पुढच्या आठवड्यात माल तपासणीला लागेल. म्हणजे आता ते गलबत कुठल्या तरी ट्रेमध्ये नांगर टाकून बसलंय. तुम्ही तिघं जण वेगवेगळं बघता, एकमेकांचे आकडे न बघता. त्या तिघांत तू असशील किंवा नसशील. असलास, तर सुकाणूखालचं टिंब तुला दिसेल. तू ते अंधारात ओळखशील. तू ते ओळखायचंच शिकून मोठा झालास.

ओळखलंस, तर. आता इथे मी पाऊण तास पेन धरून बसलोय.

पासष्ट नको. मी चुकून बोललो असेन. त्रेसष्ट चालेल, बासष्ट चालेल. आकडा असला म्हणजे झालं. दंतवैद्य आकडा असलेलं काहीही घेतो. घासाघीस करील, पण घेईल, आणि बाईंच्या खोल्या निघतील. तुम्ही लोक कधी कधी हलक्या ओरखड्यांकडे काणाडोळा करता, हे मी अख्ख्या बाजारात ऐकतो. एक काणाडोळा. एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे काय मागितलं?

वहिनी मागे उभी राहून वाचतेय. हिला माझ्या अक्षरांची दया येत नाही.

"काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"त्याची नोकरी जाईल."

"कोण सांगणार आहे?"

"तो स्वतः सांगेल. तुमच्याच वडिलांचा मुलगा आहे तो." आणि मग, हे महत्त्वाचं, "तुम्ही त्या दिवशी नाणं दिव्याखाली धरलंत ना, तेव्हा मी शेजारी होते. तुम्ही राजाची बाजू बघत होतात आणि म्हणालात, टिंब अगदी तसंच आहे हो."

टिंब गलबताच्या बाजूला आहे, हे तुला सांगायला नको.

मी तिला म्हटलं, बोलण्याच्या नादात झालं असेल. तिचं उत्तर न देणं मला वडिलांच्या 'ठेवा तुमच्याकडेच' सारखं ऐकू येतं.

पेन नवं घेतलंय, जाड टोकाचं. जुनं फार बारीक लिहायचं.

दादा


२६ मार्च

राजमान्य राजश्री भिंगोजीराव यांचे सेवेशी,

आपलं पाच ओळींचं पत्र पावलं. तीन वर्षांत पाच ओळी! या गतीने तुझ्याकडून पानभर मजकूर येईपर्यंत मी इथे नसेन. वहिनीने वाचून दाखवलं, दोनदा. मी ते तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे तुला कळेल की ते किती कोरडं होतं:

"दादा, तुझी तिन्ही पत्रं मी आमच्या साहेबांना दाखवली आणि त्या ट्रेवरून उठलो. ते नाणं मी पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही. पुन्हा असं लिहू नकोस. तुझ्या ओळी एकमेकींवर चढतायत, पहिल्या पत्रापासून, आणि प्रत्येक ओळ मधोमध पोट काढते. दिवा बदलत बसू नकोस, डोळे दाखव."

माझी खाजगी पत्रं तुझ्या साहेबाने वाचली! डब्यांवरचे विनोदसुद्धा? हसला का तो निदान? आणि तू, ज्याला मी अक्षर गिरवायला शिकवलं, तू माझ्या पत्रांना ग्रेड दिलीस! भावाच्या हस्ताक्षरावर भिंग फिरवलंस, वळणं मोजलीस, दोष टिपलेस, आणि लेबल चिकटवून परत पाठवलंस. काय आकडा दिलास? की 'साफ केलेलं'?

मी भलताच रागावलो होतो. दुपारभर रागावलेला होतो. राग आला की मी दुकानात नाणी लावतो, हे तुला माहीत आहे. ट्रेमधली नाणी एका ओळीत लावली. मग वहिनी आली आणि तिने ओळ सरळ केली.

डोळ्यांचं म्हणशील, तर वयाप्रमाणे चाललंय. त्यात दाखवण्यासारखं काही नाही. तुझं पत्र मात्र तिने खणात ठेवलंय, वर दुर्मीळ नाण्यांच्या कप्प्यात. मी बघितलं नाही, पण कप्पा उघडल्याचा आवाज मला कळतो.

तू ट्रेवरून उठलास, ते बरोबर केलंस. हे वाक्य लिहायला मला बाकीच्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

तुझा रागावलेला
दादा


९ एप्रिल

धाकट्या,

गलबत परवा परत आलं. डबीत. मी लेबल वाचायचा आव आणला नाही, सरळ वहिनीच्या हातात दिलं. तिने वाचलं, मग लेबलाची मागची बाजू बघितली, जणू तिथे काही वेगळं लिहिलेलं असेल.

"आकडा नाहीये," म्हणाली. "साफ केलेलं, असं आहे."

तुमच्या तिघांनी बरोबर बघितलं. मी शंका घेत नाही.

त्याच संध्याकाळी मी कप्तानीणबाईंकडे गेलो, वहिनीच्या हाताला धरून. त्यांच्या बोळात मुलाने सायकली लावल्यात. आई चाललीच आहे, तर जागा वाया का घालवा. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. बाई एका ट्रंकेवर बसल्या होत्या, मी दुसऱ्या. मी सांगितलं, नाण्याला आकडा मिळाला नाही, दंतवैद्य पाचवा हिस्सा द्यायला तयार आहे, त्याने आधी सांगितलेला भाव मी तुम्हाला घेऊ दिला नाही, आणि चूक कप्तानांची नाही, माझी आहे.

"ती कशी?" त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी मी नाणं बघितलंच नाही, बाई. आठवलं. वडिलांच्या हातात होतं तसं आठवलं आणि तुम्हाला सांगितलं."

आतून कुणी तरी न्हाणीघरात गेलं आणि परत आलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे दर रविवारी ते माझ्या दोन खोल्या पुसत होते. आणि मी शेजारी बसून खडूची पूड करून देत होते!" आणि हसल्या. मला ते हसणं ऐकवेना. पुढे म्हणाल्या, "आता मेलेल्या माणसाशी भांडायला कुठे जाऊ? तुमच्याशी भांडले असते, पण तुमचा चेहरा बघून तेही जमेना."

मग त्यांनी ते नाणं मागितलं. डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "हे काय, याला हातही लावता येत नाही? काढा हो बाहेर. आकडा नाही तर पिंजरा कशाला?"

तुला आवडणार नाही, पण मी काढलं. त्यांच्या घरची पक्कड घेतली आणि डबीची कड तोडली. तुमचं प्लास्टिक चांगलं आहे, जाता जाता सांगतो. मुलगा आतून ओरडला, काय फुटलं म्हणून. नाणं माझ्या तळहातावर पडलं. राजाची बाजू वर आहे की गलबताची, मला सांगता आलं नसतं. मी अंगठा फिरवला. सुकाणूच्या खाली, जिथे ते नेहमी होतं, तिथे टिंब लागलं. रविवारच्या फडक्याने सगळं घासून नेलं होतं, तेवढं ठेवलं होतं. मी त्यांचं बोट धरून त्यावर टेकवलं. "हे बुडणारं माणूस आहे," म्हटलं, "असं माझा भाऊ म्हणतो."

आता तुला विचारायचं ते. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या तुझ्या आहेत. तीन वर्षं कुलूप आहे, वहिनी आत जाऊन धूळ पुसते, आणि तू त्या सोडल्यास असं आम्ही कुणी म्हणत नाही. तिथून बंदर दिसत नाही, समोरच्या धोब्याची पाटी दिसते. पण दाराला आतून कडी आहे. महिनाअखेर बाईंना कुठे तरी जावंच लागेल. नाण्याचं जे येईल त्यात त्यांचा रोजचा खर्च निघेल, भाडं निघणार नाही. भाडं मी घेणार नाही. त्या आल्या म्हणजे तुझी जागा गेली, असा अर्थ काढू नकोस. मला फक्त तुझ्या दारावर दुसऱ्या कुणाला उभं करताना तुला विचारायचं आहे. या वेळी मी मनाने ठरवत नाही. तुझा शब्द येईल तसं करीन. दोन ओळी चालतील, साहेबाला दाखवल्यास तरी हरकत नाही.

आणि डोळे दाखवले. काल गेलो होतो. डॉक्टरांनी चौकोनाचौकोनांचा एक कागद समोर धरला आणि एक डोळा झाकायला सांगितला. "मधल्या टिंबाकडे बघा."

मी म्हटलं, "कुठलं टिंब?"

त्यांनी कागद जरा जवळ आणला. मग म्हणाले, रेषा कशा दिसतात? मी सांगितलं, सुताराने ठोकल्यासारख्या. त्यांना विनोद कळला नाही. डोळ्याच्या मागे मधोमध काहीतरी गळतंय. उजव्यात जास्त, डाव्यात सुरुवात आहे. डोळ्यात सुई टोचून औषध घालतात, मंगळवारी पहिली. जे गेलं ते परत येण्याची खात्री नाही, जे आहे ते टिकवायचं. वर्षापूर्वी आला असतात तर, असं ते म्हणायला लागले आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून थांबले असावेत, कारण वाक्य पुरं झालं नाही.

सुईची भीती नाही. दुकानाचीही तेवढी नाही. जे बघता येत नाही ते मी दुसऱ्याला वाचायला लावीन, पाठशाळेतलं तिसरं प्रमाण एवढी वर्षं बिनकामाचं पडलं होतं.

खरं सांगतो, मला काय होतंय ते. माणूस समोर आलं की त्याचे खांदे दिसतात, केस दिसतात, हात दिसतात. चेहऱ्याच्या जागी मात्र काही नसतं. वहिनीचा चेहराही मी हल्ली त्या नाण्यासारखाच बघतो, आठवून. तिचा रोज आठवता येतो, कारण ती रोज बोलते. तुझा मी तीन वर्षांपूर्वी शेवटचा बघायचा होता, आणि तेव्हा मी मान खाली घालून नाणी लावत बसलो.

एखाद्या दिवशी तू दुकानाच्या दारात येऊन उभा राहशील आणि मी विचारीन, "या साहेब, काय दाखवू?" मला त्याची भीती वाटते. तसं झालं तर मागे फिरू नकोस. नुसतं 'दादा' म्हण.

दादा